मदत हवी आहे: मुलीला एडीईएम (मेंदूला अचानक सूज येण्याचा आजार) झाला होता, पुन्हा होऊ शकतो का?

नमस्कार. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. गणपतीनंतर तिला साधा सर्दी-ताप आला. तो उतरला आणि दहा-बारा दिवसांनी ती अचानक सुस्त पडली, पाय लटपटायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग दिसले. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला केला होता. पाच दिवस सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, मग सहा आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करत आणल्या. आता ती पळते, भांडते. फक्त फ्रॉकची बटणं लावताना उजवा हात अजून थरथरतो. मी मुद्दाम मदत करत नाही, पण बघवत नाही.

डॉक्टर म्हणाले, बहुतेक मुलांना हा आजार एकदाच होतो. पहिल्या तीन महिन्यांत लक्षणं वर-खाली झाली तर तो तोच अटॅक धरतात, त्यानंतरचा दुसरा. पण तिची मॉग अँटीबॉडी (त्याच आवरणातल्या एका प्रथिनावर हल्ला करणारा रक्तातला घटक) पॉझिटिव्ह आहे, आणि ती तशीच टिकून राहिली तर पुन्हा होण्याचा धोका वाढतो. सहा महिन्यांनी परत तपासायची आहे. तोवर तिला शिंक आली तरी माझ्या पोटात गोळा येतो.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगा: अँटीबॉडी निगेटिव्ह व्हायला किती काळ लागला? दुसरा अटॅक आला असेल तर सुरुवात कशी झाली, डोळ्यांपासून का? राहिलेल्या लसी केव्हा दिल्या? औषधं डॉक्टरच ठरवतील, मला फक्त तुमचे अनुभव हवे आहेत.