ओळख ‘होते’ की ‘निघते’?

नंदुरबारकर : जगातली कुठलीही दोन माणसं पाच-सहा ओळखींच्या साखळीने जोडलेली असतात, या कल्पनेवर शाळेच्या वार्षिकांकासाठी लिहितोय. दोन परक्या माणसांना मधला समान माणूस सापडतो, तिथे मी ‘ओळख निघाली’ लिहिलं होतं. प्रूफं तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडे ‘ओळख झाली’ केलंय. बरोबर काय?

धुळेकर : बाईंना सांगा, ‘झाली’ने अर्थ बदलतो. होते ती ओळख नवी. निघते ती आधीपासून असतेच, दोघांना पत्ता नसतो एवढंच. म्हणून पाहुण्यांची ओळख करून देतात, काढून देत नाहीत.

चोपडेकर : धुळेकरांशी सहमत, फक्त ‘निघणे’च्या मागे ‘काढणे’ आहे हे विसरू नका. भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की ऐकू येतं : “कोणतं गाव?” “शिंदखेडा.” “खास शिंदखेडा की आजूबाजूचं?” मग आडनाव, मग मामाचं गाव. मामा बेटावदचे म्हटलं की समोरचा सरसावून बसतो. “मग बेटावदचे नाना तुमचे कोण?” “मोठ्या मामांचे व्याही.” “म्हणजे आपण सोयरेच निघालो ना भो!” उधना यायच्या आत डबा उघडलेला असतो.

हा फरक तुमच्या लेखाच्या मुळाशी आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम आणि जेफ्री ट्रॅव्हर्स यांचा 1969 साली छापून आलेला प्रयोग घ्या. अमेरिकेतल्या नेब्रास्का आणि बोस्टनमधल्या 296 लोकांना सांगितलं, की बोस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअर दलालापर्यंत हे पाकीट पोचवा, पण ज्याला तुम्ही नावाने ओळखता अशाच माणसाच्या हाती द्या. पोचली 64. त्यांत मधली माणसं सरासरी पाचच्या थोडी वर. सगळे तो पाचाचा आकडा सांगतात, न पोचलेल्या पाकिटांचं कोणी बोलत नाही. ती माणसं जोडलेली नव्हती असं नाही, कुणीतरी मध्येच पाकीट ठेवून दिलं. ओळख होती, निघाली नाही.

उलट 2011 साली फेसबुकच्या 72 कोटी वापरकर्त्यांवर गणित झालं, तेव्हा दोघांमधलं सरासरी अंतर 4.74 ओळखींचं आलं, म्हणजे मधली माणसं त्याहून एकाने कमी, चारच्याही खाली. पण तिथे सगळा नकाशा संगणकापुढे पसरलेला. ते ‘असणं’ मोजलं, ‘काढणं’ नाही. हे दोन आकडे एका ओळीत ठेवून ‘बघा, जग जवळ आलं’ असं कृपया लिहू नका.

भुसावळकर : आमच्याकडे रेल्वे कॉलनीत गावावरून ओळख निघत नसे, निम्मे लोक बदलून आलेले. विचारायचे, “कोणत्या शेडला होते?” तेवढ्यावर इटारसी-नागपूरपर्यंतची माणसं निघत.

चोपडेकर : अगदी. पाकीटवाल्यांनीही हेच केलं. पुढचा माणूस निवडताना एक तर त्या गावाकडचा पाहिला, नाहीतर त्या धंद्यातला.

साक्रीकर : गाडीतलं आडनाव विचारणं तुम्ही फार गोड करून सांगितलंत. आडनावाने जात चाचपतात. एका समाजात दोन प्रश्नांत सोयरीक निघते, दुसऱ्या समाजातला माणूस शेजारच्या गल्लीत राहत असला तरी “हो का, बरं” एवढ्यावर गप्पा संपतात. ओळख ‘काढायची’ इच्छाही लागते.

चोपडेकर : मान्य. ते लेखात यायला हवं.

नंदुरबारकर : आभार. सगळीकडे ‘निघाली’ परत करतो. एका ठिकाणी बाईंनी ‘ओळख पटली’ केलंय, ते चालेल?

धुळेकर : अजिबात नाही. पेपरात ती बेवारस मृतदेहाची पटते.