जिहादी हिंसेचा अभ्यास करताना धर्माला वगळलं जातंय का?

आडवळण (चर्चाप्रस्ताव)

पॅरिसमध्ये नोव्हेंबर २०१५ च्या एका रात्रीत १३० माणसं मारली गेली. त्यानंतर फ्रान्समधल्या दोन अभ्यासकांत जी जुंपली, ती अजून धुमसतेच आहे. ऑलिव्हिए रुआ यांचं म्हणणं असं की इस्लाम जहाल झालेला नाही, आधीपासून असलेल्या जहालपणाने इस्लामचा अंगरखा चढवलाय. हल्ले करणारी हीच पोरं सत्तरच्या दशकात असती तर डाव्या सशस्त्र गटांत गेली असती. झील केपेल नेमकं उलट सांगतात: सलफी विचार, म्हणजे सुरुवातीच्या पिढ्यांच्या इस्लामकडे परतायला सांगणारा कडवा पंथ, शहरांच्या कडेच्या वस्त्यांत वर्षानुवर्षं मुरत गेला आणि हे त्याचं फळ. रुआंना अरबी येत नाही, हा टोलाही त्यांनी हाणून घेतलाय.

मी केपेल यांच्या बाजूचा. मार्क्सवादी गनिम 'मी वर्गासाठी लढतो' म्हणाला तर आपण मुकाट मार्क्स उघडतो. जिहादी मात्र कुराणातली आयत सांगतो आणि प्राध्यापक म्हणतात, छे छे, त्याला खरं तर नोकरी नाही म्हणून तो असं बोलतो. इस्लामी विचारवंत सय्यद कुत्ब यांना नासेरच्या इजिप्तने १९६६ साली फाशी दिलं. आजचा मुस्लिम समाजही जाहिलियातच, म्हणजे इस्लामपूर्व अज्ञानातच आहे, हे त्यांनी तुरुंगात लिहून ठेवलं होतं. १९८१ साली इजिप्तचे अध्यक्ष सादात यांना मारणाऱ्या गटाची पुस्तिका काढून बघा. १३२८ साली वारलेल्या इब्न तैमिया या धर्मपंडिताने मंगोल राज्यकर्त्यांविरुद्ध दिलेल्या फतव्यांचा तिला भक्कम टेकू आहे. सहाशेहून अधिक वर्षं जुना फतवा बेकारीतून कसा येतो?

कोरी_पाटी

फतवा नेत्यांचा. मरायला गेलेल्यांचं काय? आयसिसचे भरतीचे अर्ज २०१६ साली फुटले. एकेका अर्जात २३ रकाने. रक्तगट, सीमा कुठून ओलांडली, शिफारस कोणाची, लढवय्या होणार की आत्मघाती. सरकारी कचेरीतला अर्ज वाटावा इतकं रुक्ष. त्यातच एक रकाना शरियतच्या ज्ञानाचा. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या अभ्यासकेंद्राने चार हजारांहून जास्त अर्ज तपासले, तेव्हा सुमारे ७० टक्के लोकांनी तिथे 'प्राथमिक' एवढंच लिहिलेलं निघालं. ब्रिटनमधल्या दोन तरुणांनी तर सीरियाला निघण्याआधी नवशिक्यांसाठीची इस्लामची तोंडओळख ऑनलाइन मागवली होती. तोंडओळख! आणि म्हणे धर्म मुरला होता.

आडवळण

ज्ञान कमी म्हणजे श्रद्धा कमी, हे कोणी सांगितलं? व्याकरणाचा गंध नसलेली माणसंही भाषेसाठी डोकी फोडून घेतात. अर्ज भरणारा 'प्राथमिक' असेल, पण अर्जावर 'शरियतचं ज्ञान' हा रकाना ठेवणारा कोण होता? आयसिसचा म्होरक्या बगदादी, त्याची डॉक्टरेट कुराणाच्या अभ्यासातली होती.

मोजपट्टी

दोघेही फक्त जिहादकडे गेलेल्यांची गणती करताय, आणि या सगळ्या संशोधनाचं मूळ दुखणंच तिथे आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पेप यांनी १९८० ते २००३ मधल्या ३१५ आत्मघाती हल्ल्यांची यादी केली. सगळ्यात जास्त, ७६, हल्ले तमिळ वाघांचे, म्हणजे जिहादाशी सुतराम संबंध नसलेल्यांचे. पेप यांचा निष्कर्ष: मूळ कारण धर्म नाही, आपली मानलेल्या भूमीत परकं लष्कर असणं. आकडे जोरदार आहेत. पण २००८ साली टीकाकारांनी दाखवून दिलं की यादीत हल्ले झाले तीच ठिकाणं आहेत. परकं लष्कर आहे पण हल्ला झाला नाही, अशी ठिकाणं त्यात यायलाच जागा नव्हती. फक्त आजारी माणसं तपासायची, सगळे पाणी पीत होते असं आढळायचं आणि पाण्याला दोषी धरायचं, तसं झालं हे.

आडवळण, हाच न्याय तुम्हालाही. कुत्ब वाचणारे किती आणि त्यांतले शस्त्र उचलणारे किती?

आणि गाम्बेट्टा-हेर्टोग या अभ्यासक जोडीच्या जहालांच्या शिक्षणावरच्या अभ्यासाचं काय करणार? मुस्लिम देशांतल्या जहाल इस्लामी गटांमध्ये इंजिनिअर त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त सापडले. अपवाद सौदीचा, आणि तिथे इंजिनिअरांना नोकऱ्या होत्या. म्हणजे बेकारीला अगदीच हसण्यावारी नेऊ नका. (अवांतर: पश्चिमेत वाढलेल्या जिहादींमध्येही इंजिनिअर जास्त निघाले. नोकरीचा मुद्दा तिथे लागू पडत नाही, म्हणून लेखकांना मनोवृत्तीकडे वळावं लागलं. तो भाग मला जरा ओढूनताणून वाटतो.)

तिसरी_घंटा

अर्ज, याद्या, इंजिनिअर! मुडदे पडले त्यांतले बहुतेक मुसलमानांचेच, इराकपासून सोमालियापर्यंत. ते या चर्चेत कुठे आहेत? अल्जीरियात इस्लामी पक्ष निवडणुकीच्या पहिल्या फेरीत पुढे होता. जानेवारी १९९२ मध्ये लष्कराने दुसरी फेरीच रद्द केली, पक्षावर बंदी घातली, माणसं वाळवंटातल्या छावण्यांत डांबली. पुढे दशकभर यादवी. आधी मतपेटी फोडायची आणि मग विद्यापीठात बसून विचारायचं, यांनी बंदूक का बरं उचलली असेल? फ्रेंच अभ्यासक फ्रँस्वा बुर्गा हेच सांगतात, वसाहतवाद आणि हुकूमशहा. पण त्यांचं नाव तुमच्या प्रस्तावात आलंच नाही. सोयीचे दोनच पैलवान उतरवलेत आखाड्यात.

आडवळण

बुर्गा राहिले, मान्य. पण मग ट्युनिशिया? २०११ नंतर हुकूमशहा पळाला, खुल्या निवडणुका झाल्या, आणि सीरियाला सर्वाधिक लढवय्ये पाठवणाऱ्या देशांत ट्युनिशियाच होता. दडपशाहीतून बंदूक येते म्हणता, इथे तर झाकण उघडल्यावर आली.

तिसरी_घंटा

हुकूमशहा पळाला, त्याचे पोलीस कुठे पळाले? आणि तेवीस वर्षांच्या राजवटीने तुरुंगात जे पिकवलं, तेच क्रांतीनंतर बाहेर आलं.

आडवळण

बाहेर येऊन त्यांनी उघड्यावर प्रचार केला आणि पोरं त्यांच्यामागे गेली. प्रचार कशाचा, बेकारीचा?

कोरी_पाटी

मार्क सेजमन यांचं नाव अजून कोणी घेतलं नाही. पूर्वी सीआयएत होते, पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. १७२ जिहादींची चरित्रं पाहून ते म्हणाले, बहुतेक जण मैत्री आणि नात्यागोत्यातून आत आले. शार्ली एब्दो या पॅरिसच्या व्यंगसाप्ताहिकावर हल्ला करणारे सख्खे भाऊ. नोव्हेंबरच्या पॅरिस हल्ल्यात भाऊ. मार्च २०१६ च्या ब्रसेल्स हल्ल्यात पुन्हा भाऊ. एवढे भाऊ दिसल्यावर मी तरी ग्रंथाच्या आधी घर बघेन.

आडवळण

हा मुद्दा मला अडवतोय, कबूल करतो. तरी मोठ्या भावाच्या डोक्यात ते कुठून आलं, हे उरतंच.

मोजपट्टी

त्याहून अवघड प्रश्न न गेलेल्याचा आहे. नोव्हेंबरच्या हल्ल्यातल्या त्या दोन भावांना आणखी एक भाऊ होता. तेच घर, तीच वस्ती. तो टीव्हीवर येऊन फरार भावाला 'शरण ये' म्हणाला. याचं केपेल काय करतात, सांगा.

आडवळण

सांगतो. आधी रुआ काय करतात ते कोरी_पाटींनी सांगावं.