मदत हवी आहे: शुक्रवार पेठेतला वाडा, 'धोकादायक'ची नोटीस आणि बिल्डरचं संमतीपत्र

माजघर

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचा वाडा कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत. पंचगंगा घाटापासून चालत सात-आठ मिनिटं. पणजोबांनी बांधलेला. दगडी जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर कौलं. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबा आणि त्यांच्या दोन भावांचीच नावं आहेत. आज हिस्सेदार मोजले तर अकरा भरतात. त्यातले इथं राहणारे फक्त आम्ही: बाबा (७८), आई, मी आणि आत्या (८४). बाकीचे पुण्या-मुंबईला. भाडेकरू चार. दोन खोल्यांत दोन कुटुंबं, रस्त्याकडेच्या दोन गाळ्यांत एक शिंपीकाका आणि एक चप्पल शिवणारे मामा. त्यांच्या वडिलांपासूनचे.

२०१९ ला सोप्यात कमरेएवढं पाणी होतं. २०२१ ला त्याच्यापेक्षा चार बोटं जास्तच. दोन्ही वेळा गाळ काढला, पोपडे खरवडले, सिमेंटचा गिलावा मारून घेतला आणि परत राहायला लागलो. गेल्या महिन्यात 'इमारत धोकादायक आहे' अशी नोटीस आली. आणि नोटिशीच्या चौथ्याच दिवशी एक बिल्डर दारात! सात मजल्यांचं रंगीत चित्र, प्रत्येकाला 'आहे तेवढं कार्पेट प्लस दहा टक्के', आणि दोन पानी संमतीपत्र. मुंबईच्या चुलतभावांनी लगेच सह्या केल्या. तो माणूस म्हणतो, ५१ टक्के झाले की बाकीच्यांना सही करावीच लागते.

येत्या गुरुवारी गल्लीच्या तालमीत बैठक आहे, नगररचनेचे आणि बांधकाम विभागाचे साहेब येणार आहेत. एकट्या आमच्या वाड्याची नाही, ओळीतल्या नऊ मिळकतींची.

नोटीस आली म्हणजे पाडायचंच का? सही करू का थांबू? भाडेकरूंचं काय होतं? बाबा म्हणतात त्यांना आपल्या आधी घर मिळालं पाहिजे, चुलतभाऊ म्हणतात वाडा पडला की त्यांचा हक्क आपोआप संपतो. आणि बैठकीत विचारायचं तरी काय? आत्या तर म्हणते, मला आधी घाटावर पोचवा आणि मग काय पाडायचं ते पाडा. तिच्यावर इलाज असेल तर तोही सांगा.

---

ओळंबा

ताई, आधी नोटीस नीट वाचा. कलम कुठलं आहे? महापालिका कायद्याचं कलम २६५अ असेल तर अर्थ एवढाच, की इमारत ३० वर्षांवर जुनी आहे, स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) करून दाखला द्या. कलम २६४ असेल तर प्रकरण पुढं गेलेलं आहे. पण त्यातही दुरुस्ती करा असंही सांगता येतं, पाडाच असं नाही. दुसरं, प्रवर्ग लिहिलाय का? सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ किरकोळ. नुसतं 'धोकादायक' लिहिलेलं असेल तर बैठकीतला पहिला प्रश्न हाच: प्रवर्ग कुठला, आणि कुठल्या तपासणीवरून?

---

माजघर

कलम २६४ आहे. प्रवर्गाची जागा कोरी आहे. तपासणीला कोणी आत आलेलं आम्हाला तरी आठवत नाही. बिल्डरचा इंजिनिअर मात्र आला होता. भिंतीवर एक बंदुकीसारखं यंत्र दाबून आकडे लिहून घेतले आणि 'काही राहिलं नाही यात' म्हणाला.

---

ओळंबा

😀 ते रिबाउंड हॅमर. काँक्रीटसाठी असतं ते. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर मारून त्यातून काय कळणार? तुमच्या सिमेंटच्या गिलाव्याचा आकडा आला असेल.

मी या कामात पंचवीस वर्षं आहे. मातीच्या वाड्यात बघायचं ते वेगळंच. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी आहे. मधली तुळई ठणठणीत दिसते आणि टोक पोकळ असतं, वाडे पडतात ते बहुतेक तिथंच. भिंतीला ओळंबा लावा, पोट सुटलंय का बघा. आणि रागावू नका, पण तो सिमेंटचा गिलावा ही मोठी चूक झाली. पुराचं पाणी भिंतीनं प्यायलेलं असतं. मातीच्या, चुन्याच्या गिलाव्यातून ते उडून जातं, सिमेंटमागं ते कोंडतं आणि भिंत आतून मऊ होत राहते. जोत्याच्या वरच्या दोन फुटांतला गिलावा एका कोपऱ्यात फोडून बघा. माती हाताला ओली लागली तर वाड्याचं खरं दुखणं तिथं आहे.

परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतःच्या पैशानं आणा. त्याला आधी विचारा, मातीच्या बांधकामाचं काम केलंय का. तरीही पाडायची वेळ येऊ शकते, उगाच आशा लावत नाही. दोन पूर खाल्लेल्या भिंतीत पावसाळा काढणं धोक्याचंच. आत्यांची खोली कुठल्या बाजूला आहे?

---

माजघर

परसाकडं, तळमजल्यावर. 😟

---

तांबडा_रस्सा

मग आत्यास्नी आजच माडीवर न्हाई तर पावण्यांकडं हलवा की. कागदं नंतर बघू.

आन त्यो बिल्डर चौथ्या दिवशी कसा पोचला हे कुणी इचारलं का? नोटीस तुमच्या हातात पडायच्या आधी त्याला म्हाईत!

---

कोर्टाचीपायरी

तांबडा, ते राहू द्या, पुरावा नसताना बोट दाखवू नका. जुन्या पेठांत कुणाच्या घराला नोटीस लागली हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना कळतं.

माजघर, दोन खोट्या गोष्टी तुमच्या कानावर आल्यात.

पहिली, ५१ टक्के. ते नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाचं आहे, सहकार कायद्याच्या ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातलं. तुमचा वाडा सोसायटी नाही, एकत्र मालकीची मिळकत आहे. अकरांपैकी सहांनी सह्या केल्या तर त्या सहांचा हिस्सा गेला, बाबांचा नाही. आणि मिळकत पत्रिकेवर ज्यांची नावंच नाहीत त्यांच्या सह्या घेऊन तो माणूस करतोय काय? आधी वारस नोंद करा. कोल्हापुरातले निम्मे वाडे पावसानं पडत नाहीत, वारस नोंदीवाचून पडतात. तुमच्या चुलतभावांना हे प्रेमानं सांगा.

दुसरी, भाडेकरू. वाडा पडला की हक्क संपतो हे चूक. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय: महापालिकेनं इमारत पाडली तरी भाडेकरार संपत नाही, कारण भाडं नुसत्या भिंतींचं नसतं, खालच्या जमिनीचंही असतं. शिवाय १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा आहेच. म्हणजे बाबांचं बरोबर आहे. शिंपीकाकांच्या आणि मामांच्या भाडेपावत्या, लाइट बिलं, दुकानाचा परवाना, सगळ्याच्या प्रती आत्ताच काढून ठेवा. मालक म्हणून तुम्हीच त्यांची यादी क्षेत्रफळासकट लिहून बैठकीत साहेबांकडे द्या आणि पोच घ्या. भांडण नंतर कोर्टात नेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

संमतीपत्राचा फोटो नावं झाकून टाकता येईल का?

---

माजघर

(फोटो चढत नाहीये, महत्त्वाच्या ओळी टाइप करते.) "आम्ही खालील सही करणार विकसकास सदर मिळकतीच्या विकासासाठी संपूर्ण व अपरिवर्तनीय संमती देत असून आवश्यक ती सर्व कागदपत्रे व कुलमुखत्यारपत्र करून देण्यास बांधील आहोत." मुदत, भाडं, गॅरंटी, कशाचाच उल्लेख नाही. क्षेत्रफळाच्या जागी 'प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे'.

---

कोर्टाचीपायरी

'अपरिवर्तनीय' (म्हणजे संमती मागं घेता येत नाही) आणि 'कुलमुखत्यारपत्र' (म्हणजे तुमच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार त्याला) एकाच वाक्यात. सही नको. एवढंच.

---

पुणेरी_पाहुणा

आमचा सदाशिव पेठेतला वाडा अशातूनच गेला, म्हणून लिहितो. 'आहे तेवढं कार्पेट' (म्हणजे भिंती सोडून आतली वापरायची जागा) हे ऐकायला गोड, पण वाड्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. समजा तुमचा भाग बाहेरून ३० बाय २० आहे, म्हणजे ६०० चौरस फूट. भिंती दोन फुटी. आतून मोजलं की २६ बाय १६, म्हणजे ४१६. मध्ये एक आडवी भिंत असेल तर आणखी ३२ गेले, राहिले ३८४. त्यावर दहा टक्के धरले तर ४२२. तुमच्या पायाखालची जमीन ६०० ची आणि हातात ४२२! नव्या इमारतीत भिंती सहा इंची, वाचलेली जागा कुणाच्या खिशात जाते ते बघा. आम्हाला हे पेढे वाटून झाल्यावर कळलं.

---

नकाशातला

मी आर्किटेक्ट. सात मजल्यांबद्दल कुणीच विचारलं नाही अजून. राज्याची एकत्रित नियमावली २०२० च्या डिसेंबरपासून लागू आहे, त्यात एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं ते) आणि उंची दोन्ही समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली आहे. तुमची बोळ किती फुटी?

दुसरं, पूररेषा. निळ्या रेषेच्या आत आहात, का निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये? निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. निळीच्या आत नवीन बांधकामाला मनाई. जुन्या अधिकृत मिळकतीचा पुनर्विकास करायचा तर पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला लागतो आणि जोतं लाल रेषेच्या पातळीच्या ४५ सेंटिमीटर वर घ्यावं लागतं. म्हणजे रस्त्याच्या पातळीला राहण्याची जागा नाही, खाली पार्किंग. मग तुमचे शिंपीकाका आणि चप्पलवाले मामा बसणार कुठं? पहिल्या मजल्यावर चप्पल शिवून घ्यायला कोण चढतंय? मला तरी तुमच्या प्रकरणात खरा अडचणीचा प्रश्न हाच वाटतो.

---

माजघर

बोळ तोंडाशी नऊ फूट, आत आणखी चिंचोळी. गल्लीत एकजण सांगत होता की अंबाबाई मंदिर आराखड्याचे १,४४५ कोटी आलेत, त्यात आपलीही गल्ली आहे, थांबलो तर सरकारच बांधून देणार. खरं का?

---

नकाशातला

नाही. तो मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये मंजूर केलेला मंदिर परिसराचा आराखडा. तुमच्या वाड्याचा त्याच्याशी संबंध जोडू नका. नऊ फुटी बोळात सात मजले कसे बसवणार, ते चित्र काढणाऱ्यालाच विचारा.

---

माजघर (बैठकीनंतर)

उशीर झाला, माफ करा. परवा बैठक झाली. तालमीत दीडशे माणूस, आखाड्याच्या कडेला सतरंज्या, पंखे बंद.

साहेब वाईट नव्हते. पहिल्यांदाच कुणीतरी नीट बोललं. त्यांचं म्हणणं, आग लागली तर बंब बोळात येत नाही, पुरात बोट वळत नाही, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडायच्या बेतात आलं की रात्री दारं वाजवत फिरावं लागतं ते आमच्याच माणसांना. एकेक वाडा सुटा बांधून रस्ता कधीच रुंद होणार नाही, नऊ मिळकती एकत्र आल्या तर काहीतरी होईल. ऐकताना पटत होतं. मग कोपऱ्यावरचे पैलवान आजोबा उठले. "साहेब, पूर आला की तुम्ही बोट घेऊन येता, उपकार हायत. पण औंदा बोटीच्या आधी बिल्डर आला." अख्खी तालीम हसली, साहेबही हसले.

मी तुमचे प्रश्न वहीत लिहून नेले होते, हात थरथरत होता. प्रवर्ग विचारला. त्यांनी फाइल उघडली आणि सांगितलं, नोटीस बाहेरून पाहणी करून काढली आहे, प्रवर्ग तपासणीनंतर ठरेल. तुमचा ऑडिट अहवाल दिलात तर तोही विचारात घेऊ. हे लेखी मागितलं. 'अर्ज द्या' म्हणाले, दिला, पोच घेतली. पूररेषा: आम्ही निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये. सात मजले: नगररचनेच्या बाईंनी बोळाची रुंदी विचारली, नकाशावर पट्टी ठेवली आणि मान हलवली. बिल्डरचा माणूस मागं उभा होता, तो बैठक संपायच्या आत निघून गेला.

गाळ्यांचं मात्र कुणाकडंच उत्तर नाही. मामा उठून एवढंच म्हणाले, "मला वर चढवू नका, माझं गिऱ्हाईक म्हातारं आहे." पुढं दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

इंजिनिअरही येऊन गेले. जोत्यावरचा गिलावा फोडला, माती ओली निघाली. परसाकडच्या दोन तुळयांची टोकं गेलेली आहेत, सोप्याकडची बाजू चांगली आहे. त्यांचा अंदाज सी-२अ, लेखी अहवाल सोमवारी. परसाकडं टेकू दिलेत. आत्या सध्या शाहूपुरीत मावशीकडं आहे, रोज सकाळी फोन करून तुळशीला पाणी घातलं का विचारते.

---

ओळंबा

टेकू लाकडी का लोखंडी? कसलेही असले तरी खाली फळी टाका, नुसत्या जमिनीवर उभे केलेले पहिल्या पावसात रुततात.

---

माजघर

लोखंडी. फळी नाही, उद्याच टाकते.

पुण्याचे काका वारस नोंदीला तयार झालेत, मुंबईचे अजून फुगलेत. रविवारी आम्ही नऊ घरं मिळून आपापली मोजणी करणार आहोत, आतून आणि बाहेरून दोन्ही. एकच शंका: माडीवरचा माळा मोजायचा का? उभं राहिलं की डोकं तुळईला लागतं.

---

पुणेरी_पाहुणा

मोजा, उंचीसकट वेगळ्या रकान्यात लिहा. धरायचा की नाही ते नंतर भांडा. आणि टेप दोघांनी धरा, एक टोक भाडेकरूच्या हातात द्या.

---

तांबडा_रस्सा

रविवारी येतूय मी टेप घिऊन. ३० मीटरचा हाय माझ्याकडं.