सर्व्हर बंद पडलेलं हँडहेल्ड मित्रांसोबत खेळायला घ्यावं का?

जुना_खेळिया
चार मित्र चार गावांत आहेत, प्रत्येकाला हातात मावणारं काहीतरी हवंय आणि रात्री तासभर एकत्र खेळायचंय. अशा वेळी सगळे म्हणतात, 'नवं यंत्र घ्या, जुनी मेली.' मला हे पटत नाही.

डीएस आणि थ्रीडीएस ही निनटेंडोची जुनी हँडहेल्ड. कंपनीने डीएसची ऑनलाइन सेवा २० मे २०१४ रोजी बंद केली आणि थ्रीडीएसची एप्रिल २०२४ मध्ये. पण बंद झाले ते कंपनीचे सर्व्हर. डीएसच्या गेममध्ये वायफाय सेटिंगला जायचं, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) 'ऑटो'वरून काढायचा आणि पर्यायी सर्व्हरचा आकडा हाताने टाकायचा. काम झालं. यंत्रात काही बदलावं लागत नाही, कारण डीएस सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, तपासताना एक पायरी गाळतो: सही करणाऱ्याला सही करायचा अधिकार आहे की नाही, हे तो बघतच नाही. पर्यायी सर्व्हर याच फटीतून आत शिरतात. थ्रीडीएसला एवढ्यावर भागत नाही. त्यात कस्टम फर्मवेअर (कंपनीबाहेरच्यांनी बदललेली यंत्रप्रणाली) टाकून 'प्रिटेंडो' हे स्वयंसेवकांचं नेटवर्क जोडावं लागतं. आणि सोनीच्या पीएसपीच्या अॅड हॉक खेळांना सर्व्हर कधी लागतच नव्हता, दोन यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात. तो संवाद इंटरनेटवरून पोचवायला एक्सलिंक काई हे सॉफ्टवेअर आहे.

यंत्रं टिकाऊ आहेत, खेळ चांगले आहेत आणि वर्गणी नाही. मग अडलंय कुठे?

वायफाय_मिस्त्री
अडलंय पहिल्याच पायरीवर, जी तुम्ही एका वाक्यात उरकलीत. डीएसला ८०२.११बी ही वायफायची जुनी पद्धतच कळतं, तेही १ आणि २ एमबीपीएस एवढंच. सुरक्षेत एक तर डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप, नाहीतर काहीच नाही. डब्ल्यूपीए२ हे पुढचं, पक्कं कुलूप त्याच्या गावी नाही. आणि तीच डीएसची गेम तुम्ही थ्रीडीएसमध्ये घातलीत तरी ती जुन्या पद्धतीनेच जोडू बघते. थ्रीडीएसला स्वतःला डब्ल्यूपीए२ येतं म्हणून गेमलाही येतं असं नाही.

आता घरचा राउटर बघा. नव्या राउटरमध्ये डब्ल्यूईपीचा पर्यायच नसतो. असला तरी वापरू नका, ही चावी तोडायला मिनिटभर पुरतं हे २००७ मध्येच दाखवून झालंय. बँकेचं अॅप ज्या नेटवर्कवर चालतं त्याला मारिओ कार्टच्या एका शर्यतीसाठी डब्ल्यूईपीवर आणणं म्हणजे कुत्र्याला आत घेण्यासाठी पुढचा दरवाजा बिजागरीसकट काढून ठेवणं.

जुना_खेळिया
मुख्य नेटवर्कला हात कोण लावतंय? गेस्ट नेटवर्क वेगळं करा, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, पासवर्डविना. खेळताना चालू करा, खेळ संपला की बंद. 'गेस्टला घरातली उपकरणं दिसू नयेत' हा पर्याय चालूच ठेवा. मॅक फिल्टरमध्ये (मॅक म्हणजे प्रत्येक यंत्राचा स्वतःचा नेटवर्क-पत्ता) फक्त डीएसचा पत्ता घाला. फिल्टर म्हणजे काही कुलूप नव्हे, पण शेजारच्याचा फोन आपोआप चिकटत नाही.

राउटर सापडतो पण जोडत नाही, असं झालं तर आधी राउटरचा वायफाय मोड बघा. 'फक्त एन' किंवा 'एन/एएक्स' असेल तर डीएसला तो राउटर परकाच. 'बी/जी/एन मिश्र' करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, चॅनेल १, ६ किंवा ११. काही राउटर वेग वाढवायला १ आणि २ एमबीपीएसचे जुने दर बंद करून ठेवतात. तिथे डीएस कितीही झटापट केली तरी चढणार नाही.

अजून एक. डीएसचा फ्रेंड कोड, म्हणजे मित्र जोडायचा आकडा, हा यंत्र आणि कार्ड अशा जोडीचा असतो. तेच कार्ड दुसऱ्या डीएसमध्ये घालून ऑनलाइन गेलात की नवा कोड मिळतो आणि जुनी मित्रयादी जाते. म्हणून कोड वाटायच्या आधी कोणतं कार्ड कोणाच्या यंत्रात राहणार ते नक्की करा.

टचस्क्रीन_पुरे
एवढे सोपस्कार कशासाठी? फोन चौघांकडे आहेत. पीपीएसएसपीपी टाका. पीएसपीचे खेळ फोनवर चालवणारा हा एम्युलेटर २०१२ पासून आहे, फुकट आहे आणि मे २०२४ पासून आयफोनच्या अॅप स्टोअरवरही आहे. अॅड हॉक खेळ इंटरनेटवर खेळायची सोय त्यातच आहे.

कृती: सेटिंग्जमध्ये नेटवर्किंग उघडा, 'एनेबल नेटवर्किंग' चालू करा. यजमानाने अॅपमध्येच असलेला प्रो अॅड हॉक सर्व्हर चालू करायचा. मग चौघांनी, यजमानासकट, सर्व्हरच्या रकान्यात यजमानाचाच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकायचा. पोर्ट ऑफसेट चौघांचा एकच हवा, १०००० असतो तोच राहू द्या. टोपणनावं वेगळी. मॅक पत्ताही प्रत्येकाचा वेगळा: एकाने सेटिंगची फाइल बाकीच्यांना पाठवली की मॅकसुद्धा सगळ्यांचा तोच होतो, आणि मग खोलीत दुसरा शिरला की पहिला बाहेर पडतो.

खोलीच दिसत नसेल तर गेमचा क्रमांक जुळवा. यूएलयूएसने सुरू होणारी अमेरिकी आवृत्ती आणि यूएलईएसची युरोपीय, या बहुतेकदा एकमेकांना ओळखत नाहीत. गेम तोच, मुखपृष्ठ तेच, तरी खोली रिकामी.

बोटं_चार
तुमच्या कृतीत खोट नाही. फक्त काचेवर मॉन्स्टर हंटर खेळून बघा.

पीएसपीला एकच अॅनलॉग (चालण्याची दांडी) आहे. त्यामुळे मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइटमध्ये डावा अंगठा चालायला आणि त्याच हाताची तर्जनी वाकवून कॅमेऱ्याच्या बाणांवर, अशी पकड घ्यावी लागते. खऱ्या बटणांवर ती सवयीने जमते. काचेवर बोटाला कड लागत नाही, त्यामुळे नजर सतत खाली. त्यात अर्धा पडदा अंगठ्यांनीच झाकलेला. चौघांच्या शिकारीत तीन वेळा कोणीही पडलं की मोहीम संपते, म्हणजे एकाच्या काचेची किंमत चौघं मोजणार.

फोनला क्लिपचा कंट्रोलर लावा म्हणाल, तर यूएसबी-सीचा घ्या. ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर असले की फोनचा एकच अँटेना दोघांत वाटला जातो आणि नेमक्या लढाईत बटण उशिरा लागतं. ब्लूटूथच हवं असेल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. आता कंट्रोलरचा खर्च धरा. मग जुना पीएसपी महाग वाटणार नाही.

वायफाय_मिस्त्री
बटणांवरून भांडा, पण तुम्हा तिघांच्याही योजना एकाच जागी आपटणार आहेत: सीजीनॅट.

आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांवर आणि जवळपास सगळ्या मोबाइल डेटावर तुम्हाला स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता (जुन्या पद्धतीचा आयपी) मिळत नाही. शेकडो ग्राहक एका पत्त्यामागे असतात, यालाच सीजीनॅट म्हणतात. तपासायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा, मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्या मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीला वाट काढून द्या, दार तुमच्या घराला आहे आणि कुलूप कंपनीच्या इमारतीला.

म्हणून 'यजमानाचा आयपी टाका' हे घरातल्या घरात ठीक. पुणे-नागपूर खेळायचं तर मध्ये टेलस्केल किंवा झीरोटिअरसारखं खासगी जाळं लागतं. चौघांनी तेच अॅप टाकायचं, एका जाळ्यात यायचं आणि यजमानाचा त्या जाळ्यातला पत्ता पीपीएसएसपीपीत भरायचा. अँड्रॉइडवर त्या अॅपला बॅटरी बचतीतून वगळा, नाहीतर पडदा बंद झाला की जाळं तुटतं. ही अॅप व्हीपीएन म्हणूनच चालतात आणि एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, तेव्हा दुसरा आधी बंद.

यातली मजा अशी की मोबाइल डेटावर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, सहसा मिळतं. पीपीएसएसपीपीचा अॅड हॉक त्यावर चालत नाही, पण टेलस्केल आतला आयपीव्ही४ संवाद आयपीव्ही६वरून नेतं. चौघांकडे आयपीव्ही६ असेल तर सीजीनॅट वाटेत येतच नाही. नसेल आणि थेट वाट सापडली नाही, तर सगळं रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, फिरतं आणि पिंग (संदेश जाऊन-येऊन लागणारा वेळ) वाढतो. अॅपमध्ये 'डायरेक्ट' की 'रिले' ते बघून मगच गेमला शिव्या घाला.

हे थ्रीडीएसवर जमणार नाही. त्याच्यावर टेलस्केल चढत नाही, आणि मारिओ कार्ट ७ सारख्या खेळांत सर्व्हर फक्त गाठ घालून देतो, शर्यत यंत्रायंत्रांतच चालते. दोघं कडक नॅटमागे (बाहेरून थेट जोडू न देणाऱ्या राउटर किंवा सीजीनॅटमागे) असले की गाठ पडते आणि शर्यत सुरू होताना तुटते. प्रिटेंडोचा त्यात दोष नाही.

एडिसनकर
चौघांतला एक न्यू जर्सीत असला तर काय, याचं उत्तर कोणी दिलं नाही.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद ही निसर्गाचीच मर्यादा, आणि केबल सरळ जात नाही म्हणून प्रत्यक्षात २००च्या आसपास. ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. तुमची लाथ समोरच्याकडून पोच घेऊन परत येईपर्यंत १२ फ्रेम गेल्या.

पीएसपीचे अॅड हॉक खेळ एकाच खोलीतल्या यंत्रांसाठी लिहिले आहेत. टेकन ६ या मारामारीच्या खेळात दोन्ही यंत्रं एकमेकांसाठी थांबतात, म्हणून अटलांटिक ओलांडून तो खेळ चिखलात चालल्यासारखा होतो. कुठलंही सेटिंग यावर उपाय नाही. फ्रीडम युनाइट मात्र चालतो, कारण तिथे तुमचा घाव लागला की नाही हे बव्हंशी तुमच्याच यंत्रावर ठरतं. फार तर राक्षस तुम्हाला झाडाजवळ दिसेल आणि मित्राला चार पावलं पुढे. तेव्हा यंत्र कोणतं यापेक्षा खेळ कोणता, हे आधी ठरवा.

सरळमार्गी
एवढी तंत्रविद्या वाचून दमलो. निनटेंडोचं स्विच घ्या. ऑनलाइनची वर्गणी एकट्याला वर्षाला २० डॉलर, फॅमिलीची ३५ डॉलर आणि तीत ८ खाती बसतात. चौघांत वाटली तर माणशी ९ डॉलरही पडत नाहीत. डीएनएस नाही, कस्टम फर्मवेअर नाही, डब्ल्यूपीए२ आहे.

वायफाय_मिस्त्री
आणि सीजीनॅटही आहे! स्विचवर सेटिंग्ज, इंटरनेट, 'टेस्ट कनेक्शन' करा, शेवटी नॅट टाइप दिसेल. ए किंवा बी असेल तर निवांत. दोन मित्र सी-डीवर असतील तर तिथेही मारिओ कार्टची गाठ सुटते, कारण तिथेही शर्यत यंत्रायंत्रांतच आहे. निनटेंडो राउटरमध्ये यूडीपी पोर्ट ४५००० ते ६५५३५ उघडायला सांगतं, पण सीजीनॅटमागे ते उघडून उपयोग शून्य. सेवादात्याकडे स्थिर आयपी मागा. ज्याच्याकडे तो आहे त्यानेच खोली उघडावी.

शिवाय निनटेंडो भारतात अधिकृतपणे स्विच विकत नाही. जे मिळतं ते आयात केलेलं, आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द.

सरळमार्गी
मान्य. तरी बिघाड एका जागी शोधायचा, हे काय कमी? तुमच्या जुगाडात राउटर, डीएनएस, व्हीपीएन, गेमची आवृत्ती, मॅक अशा पाच जागा. रात्री साडेदहाला चौघं जमणार आणि साडेअकरापर्यंत पाचवी जागा सापडणार. मग 'उद्या खेळू'.

टचस्क्रीन_पुरे
ते पहिल्या रात्री. एकदा बसलं की बसलं. फक्त पीपीएसएसपीपीत ऑनलाइन असताना सेव्ह स्टेट (खेळ कुठल्याही क्षणी गोठवून ठेवणं) आणि फास्ट फॉरवर्ड मुद्दाम अडवलेले असतात, ते जबरदस्तीने उघडू नका. एकाचं घड्याळ पुढे पळालं की बाकी तिघे खोलीबाहेर. गेमच्या आतलं सेव्ह वापरा.

आणि गेम उतरवून घेण्याऐवजी स्वतःच्या यूएमडीची (पीएसपीच्या छोट्या डिस्कची) प्रत काढा. कस्टम फर्मवेअरच्या पीएसपीत यूएसबी डिव्हाइस म्हणून 'यूएमडी डिस्क' निवडली की संगणकावर आयएसओ फाइल दिसते, ती कॉपी करायची. म्हणजे एका तरी मित्राकडे खरा पीएसपी लागतोच, हे जुना_खेळिया यांना दिलं!

जुना_खेळिया
दिलंत, आता घेतानाचं ऐका. पीएसपी ई१००० मालिका घेऊ नका. दिसायला तशीच, किंमत कमी, पण तिच्यात वायफायच नाही, त्यामुळे मित्रांसोबतचा विषयच संपला. पीएसपी गो ला यूएमडीची खाच नाही. १०००, २००० आणि ३००० यांतलं घ्या. विकणाऱ्याला मागचं झाकण काढून बॅटरीचा फोटो मागा. झाकण फुगलेलं किंवा अर्धवट बसलेलं असेल तर बॅटरी फुगली आहे, ती चार्ज करू नका. १००० मध्ये १८०० एमएएचची जाड बॅटरी बसते, पुढच्या दोन्हींत १२००ची पातळ, म्हणून मागवताना मॉडेल सांगा. वायफायचा खटका सरकवून दिवा लुकलुकतो का तेही बघा. मेमरी स्टिक मूळ शोधत बसू नका, मायक्रोएसडीचा अडॅप्टर चालतो.

आणि एक गोष्ट सगळेच विसरताय. हे चौघं दिवाळीत एका घरात भेटणार आहेत ना? तेव्हा मारिओ कार्ट डीएसचं एक कार्ड आणि आठ डीएस असले तर डाउनलोड प्लेवर, म्हणजे एकाच कार्डावरून बाकी यंत्रांना खेळ पाठवून, आठही जण खेळतात. राउटर नको, सर्व्हर नको. स्विचवर वेगवेगळ्या यंत्रांवर खेळायचं तर बहुतेकदा प्रत्येक यंत्राला स्वतःची प्रत लागते.

सरळमार्गी
आठ डीएस आणणार कोण?

बोटं_चार
आणि आठही चार्जर. थ्रीडीएसचा चार्जर डीएस लाइटला बसत नाही, लाइटचा पहिल्या डीएसला बसत नाही. आणायचेच ठरले तर आधी यादी करा.