काम सुरू होण्याआधीच कळवा
'घराचा विमा आहेच, मग दुरुस्तीसाठी वेगळं काय करायचं?' असा प्रश्न घराची दुरुस्ती काढताना पडतो, त्यावर थोडं. मोठी तोडफोड असेल तर आधीच विमा कंपनीला लेखी कळवा. त्या काळात दुसरीकडे राहायला जाणार असाल तर नक्कीच; घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की चोरी, पाणीगळतीचं संरक्षण थांबतं, अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते.

प्लंबरने सांधा कच्चा ठेवला आणि खालच्यांचं छत भिजलं, तर दावा कंत्राटदाराच्या दायित्व विम्यावर (त्याच्या कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) जायला हवा. 'आहे हो आमचा विमा' एवढ्यावर भागवू नका. प्रमाणपत्र मागा, मुदत तपासा. कधीकधी ती काम अर्ध्यावर असतानाच संपते! निकृष्ट काम पुन्हा करून घ्यायचा खर्च मात्र विम्यातून सहसा मिळत नाही, म्हणून शेवटचा हप्ता हातात ठेवा.