सायफाय भरपूर बघून झालेल्यांना काय दाखवावं? फारशी माहीत नसलेली नावं सुचवा

वसमतचा_वाचक

राम राम मंडळी. आमच्या वसमतला स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. शनिवारी रात्री पुस्तकं मिटली की आम्ही पोरं भिंतीवर प्रोजेक्टर लावून सिनेमा बघतो, आणि तो सायफायच असतो. हा नाद लागला लायगोमुळं. इथून जवळच, औंढ्याकडं, गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होणार, तिच्या भुजा ४-४ किलोमीटरच्या असणार, हे कळल्यापासून 'इंटरस्टेलर'मधलं खरं किती न खोटं किती यावर पोरं रात्र रात्र भांडायलीत.

'मॅट्रिक्स', 'ब्लेड रनर', 'अरायव्हल', 'डार्क'चे तिन्ही सीझन, सगळं झालंय. नेटवर शोधलं की तीच दहा नावं फिरून येतात. आता जरा आडवाटेचं सांगा. अडचण एवढीच की आमच्याकडं लाईटीचा भरवसा नाही आणि इन्व्हर्टर दोन तासांच्या वर ओढत नाही. इंग्रजी सबटायटल चालतील. लढाया, स्फोट नसले तरी काही बिघडत नाही, पण सिनेमा सुटल्यावर टपरीवर वाद रंगला पाहिजे. आणि नुसती नावं टाकू नका, का बघावा तेही लिहा.

मांजराकाठचा

भाऊ, 'किन-द्झा-द्झा!' बघितलाय का? १९८६ चा सोव्हिएत सिनेमा, दिग्दर्शक गिओर्गी दानेलिया. मॉस्कोतला एक बांधकामावरचा मुकादम बायकोनं सांगितलं म्हणून पाव आणि मॅकरोनी आणायला बाहेर पडतो. रस्त्यात एक अनवाणी माणूस म्हणतो, मी दुसऱ्या ग्रहावरचा आहे. कोण विश्वास ठेवणार? मुकादम त्याच्या हातातल्या यंत्राचं बटण दाबतो आणि तो अन् एक जॉर्जियन विद्यार्थी, दोघंही थेट प्ल्युक नावाच्या ग्रहावर, वाळवंटात उभे.

त्या ग्रहावर काय झालंय ते ऐक. सगळ्या पाण्याचं त्यांनी इंधन करून टाकलंय. लुत्स म्हणतात त्याला. आता प्यायचं पाणी पाहिजे असेल तर त्या इंधनापासूनच परत पाणी करावं लागतं. काडेपेटीतली काडी म्हणजे तिथली दौलत. कुणी कुणापुढं वाकायचं ते पँटीच्या रंगावर ठरतं. मी लातूरचा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आमच्या गावाला पाणी आलं, तो उन्हाळा मी काढलाय. टँकर कुणाच्या दारात थांबतो, कुणाच्या नाही, यावरून माणसाचं वजन कसं ठरतं ते डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळं तो ग्रह मला परका वाटलाच नाही. काराकुमच्या वाळवंटात चित्रीकरण केलंय, आणि तिथली अंतराळयानं अशी गंजकी, खडखडणारी, की आपल्याकडच्या भंगाराच्या दुकानातून उचलून आणल्यासारखी.

लांबी दोन तासांच्या वर आहे. पण मूळचेच दोन भाग आहेत, दोन शनिवारी बघा. मॉसफिल्म या रशियन स्टुडिओनं स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर सबटायटलसकट ठेवलाय. पहिली वीस मिनिटं काहीच कळत नाही, तेवढी पोरांना धरून ठेव.

ट्रंक_ऑपरेटर_परभणी

वसमतकर, माझ्या लेकाच्या वयाचा असशील म्हणून अरे-तुरे करते. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. हाती नंबर जोडून द्यायचे ते दिवस. सायफायची आवड त्याच्याही आधीपासूनची, आणि या दोन्ही गोष्टी एकाच सिनेमात भेटतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

'द व्हॅस्ट ऑफ नाइट', २०१९. १९५० च्या दशकातलं न्यू मेक्सिकोतलं एक छोटं गाव. शाळेचा बास्केटबॉलचा सामना आहे, सगळं गाव तिकडं लोटलंय. सोळा वर्षांची फे एकटी एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसलीय. लाईनीत एक आवाज येतो. गुणगुण नाही, खरखर नाही, काहीतरी तिसरंच. यानंतर कॅमेरा कितीतरी मिनिटं तिच्यावरून हलत नाही. ती कॉर्ड, म्हणजे जोडणीची वायर, ओढते, लावते, काढते, एकाला विचारते, दुसऱ्याला जोडते. लाईन मध्येच तुटते. बस, एवढंच. उडती तबकडी नाही की काही नाही, तरी मी खुर्चीच्या कडेवर आले होते.

त्याचं कारण सांगते. आमच्या बोर्डावर कॉर्डच्या जोड्या असायच्या. एकीनं हाक घ्यायची, जोडीतली दुसरी लावून पुढचा नंबर द्यायचा. मधली चावी पुढं केली की आपल्याला ऐकू येणार, मागं घेतली की आपण बाहेर. थोड्या दिवसांत कुठल्या नंबराचं भोक कुठं आहे ते हाताला पाठ व्हायचं आणि प्रत्येक लाईनीचा स्वभाव कानाला. पावसाळ्यात तार भिजली की वेगळी खरखर, ट्रंक लाईन लांबची असली की आवाज विहिरीतून आल्यासारखा. रोज तेच ऐकणाऱ्या कानाला न ओळखता येणारा आवाज म्हणजे काय, ते ज्यानं हे काम केलंय त्याला विचार. फे घाबरून पळत नाही. रेडिओवर बोलणाऱ्या एव्हरेटला फोन लावून तो आवाज ऐकवते, कारण आपल्या कानाला साक्षीदार लागतो. मीसुद्धा तेच केलं असतं. मग तो तोच आवाज रेडिओवरून गावाला ऐकवतो आणि विचारतो, कुणाला माहीत आहे का हे काय आहे? तिथून गोष्ट पेट घेते.

एक गोष्ट पोरांना आधीच सांगून ठेव. एक माणूस फोनवर आपली हकीगत सांगत असताना मध्येच पडदा पूर्ण काळा होतो. लाईट गेली समजून कुणीतरी उठेल. उठू देऊ नकोस, तिथं फक्त ऐकायचं आहे. अँड्र्यू पॅटरसनचा हा पहिलाच सिनेमा, पदरचे पैसे घालून केलेला. दीड तासाचा आहे, तुझ्या इन्व्हर्टरमध्ये बसतो.

अजून दोन. 'कोहेरन्स' (२०१३): आठ मित्रमैत्रिणी जेवायला जमलेत, आकाशात धूमकेतू, लाईट जाते, आणि सगळ्या वस्तीत एकाच घरात उजेड दिसतो. दिग्दर्शक जेम्स वॉर्ड बर्किटनं स्वतःच्याच घरात पाच रात्रींत उरकला. नटांच्या हातात पूर्ण पटकथा नव्हतीच, रोज ज्याच्या त्याच्यापुरत्या सूचना मिळायच्या. त्यामुळं चेहऱ्यावरचा गोंधळ खराखुरा आहे. आणि 'ला जेते', १९६२, ख्रिस मार्कर. फक्त २८ मिनिटं, जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा. '१२ मंकीज' यावरूनच निघाला.

सोल्डरिंग_अंबाजोगाई

ताईंचं बोर्डाचं वर्णन आवडलं. पण माझं मत वेगळं आहे, 'व्हॅस्ट ऑफ नाइट'चा शेवट मला कमी पडला. शेवटी दाखवायलाच नको होतं.

वाद पाहिजे असेल तर 'प्रायमर' (२००४) लावा. शेन कॅरुथ गणित शिकलेला, आधी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत, प्रमुख भूमिका, सगळं त्याचंच. खर्च ७,००० डॉलरच्या आसपास आणि सनडान्स या अमेरिकेतल्या चित्रपट महोत्सवात त्या वर्षीचं ज्युरीचं मोठं पारितोषिक. दोन इंजिनिअर गॅरेजमध्ये दुसरंच काहीतरी बनवत असतात आणि हाती येतं कालयंत्र, माणूस आत मावेल अशी एक पेटी. त्याचा नियम मला फार आवडतो: जितकं मागं जायचं तितका वेळ पेटीत बसून काढायचा. सहा तास मागं जायचं तर सहा तास अंधारात पडून राहा. सकाळी पेटी चालू करायची, दिवसभर कुणाला न भेटता हॉटेलच्या खोलीत काढायचा, संध्याकाळी आत शिरायचं आणि सकाळी बाहेर पडायचं. म्हणजे त्या दिवशी तुम्ही दोघं झालात. एवढ्या एका नियमावर मैत्री कशी कुजत जाते ते बघा. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करतो. टेबलावर बसून एखादी गोष्ट का चालतेय तेच न कळणं, हे इतकं खरं दुसऱ्या कुठल्या सिनेमात मला दिसलं नाही.

७७ मिनिटांचा आहे. कुणीतरी फळ्यावर वेळेच्या रेघा मारायला बसवा, नाहीतर टपरीवर नुसता आरडाओरडा होईल.

नांदेडकर_अनघा

सगळे परदेशी सांगायलेत म्हणून आपलं एक. आरती कडवचा 'कार्गो', हिंदी, २०२० ला नेटफ्लिक्सवर आला. पुष्पक नावाच्या यानावर प्रहस्थ नावाचा राक्षस वर्षानुवर्षं एकटा नोकरी करतोय. मेलेली माणसं त्याच्याकडं येतात, त्यांच्या आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला पाठवायचं. यानात जुन्या टीव्हीसारखे डबडे पडदे आणि एखाद्या कचेरीसारखा कारभार. विक्रांत मॅसीचा राक्षस इतका थकलेला, इतका शिस्तीचा आहे की तालुक्याच्या कुठल्याही ऑफिसात शोभेल. सबटायटलची कटकट नाही हा फायदा वेगळाच.

वसमतचा_वाचक

मंडळी, एवढं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई, या शनिवारी आधी 'ला जेते' आणि मग 'द व्हॅस्ट ऑफ नाइट' असं ठरवलंय, दोन्ही मिळून दोन तासांत बसतात. 'प्रायमर'साठी फळा आहेच अभ्यासिकेत. लातूरच्या भावाचा रशियन मी एकटा आधी बघणार, मग पोरांना. ताई, एकच विचारायचं होतं. आमचा स्पीकर साधाच आहे, ब्लूटूथचा. फोनवरचा तो आवाज त्यावर नीट ऐकू येईल का?

ट्रंक_ऑपरेटर_परभणी

ब्लूटूथ नको, वायर लाव. आवाज चित्राच्या मागं पडला तर तो सगळा भाग वाया जाईल. स्पीकर भिंतीपाशी ठेवू नकोस, पोरांच्या मधोमध ठेव आणि त्या रात्री खोलीतला पंखा बंद कर. उकडलं तर उकडू दे. सबटायटलची अक्षरं मोठी करून घे, मागच्या रांगेतल्यांना वाचता आली पाहिजेत. बघून झाल्यावर इथं लिही, अंबाजोगाईकरांशी शेवटावरून मला अजून भांडायचं आहे.