रंग काढायच्या आधी पंख तपासा

जुन्या ओतीव धातूच्या खेळण्यातल्या विमानाचा रंग काढायला ते कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवून ठेवा, रंग आपोआप सुटतो, असं कुणीतरी सुचवलंय. कृपया असं करू नका. ही विमानं जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि सोडा जस्तालाही खातो. रंग जाईल, पण पंखांवरच्या नाजूक रेघाही बोथट होतील. त्यापेक्षा जेलसारखा पेंट रिमूव्हर, जुना टूथब्रश, हातमोजे आणि उघड्या खिडक्या बऱ्या.

त्याआधी पंख उजेडात तिरका धरून बघा. जाळीसारख्या बारीक भेगा, कुठे फुगवटा, वाकलेली टोकं दिसली तर तो झिंक पेस्ट (zinc pest), म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूला लागलेली जणू कीडच. ओतताना मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली की धातू आतूनच सुटत जातो. डिंकी या ब्रिटिश खेळण्यांच्या ब्रँडची १९३४ पासूनची युद्धपूर्व विमानं यासाठी (कु)प्रसिद्धच आहेत. यावर औषध नाही. दमट हवा आणि उष्णता टाळायची, पोटाखाली आधार द्यायचा, बस्स. रिव्हेट काढायला ड्रिल लावलंत तर तुकडेच हातात येतील.

बाकी मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक असेल तर तो राहू द्या. टवके उडालेला का असेना, जाणकार संग्राहक नव्या चकचकीत रंगापेक्षा त्यालाच जास्त भाव देतात. प्रोपेलर तुटला असेल तर खुशाल बदला, जुना मात्र डबीत जपून ठेवा.